दुकानाच्या एक पायरी मागे

नामांकित शेफ मंडळी स्वतःच्या शहरात कोठे जेवतात आणि कोठून सामान आणतात हे विचारून त्यांच्या आवडीच्या ठिकाणांची यादी छापणे हा अलीकडच्या नियतकालिकांत चांगला रुळलेला लेखनप्रकार आहे. जो रोज चुलीपुढे उभा राहतो त्याला चवीतले खरेखोटे इतरांपेक्षा लवकर उमगते, तेव्हा त्याची पावले जिकडे वळतात तिकडे वाचकाने निर्धास्त जावे, असा त्यामागचा विचार असतो आणि तो वावगा म्हणता येत नाही. मात्र अशी यादी होण्यासाठी दोन गोष्टी आधी असाव्या लागतात : ज्याचे नाव पाटीवर लागते असा स्वयंपाकी, आणि ज्याचा पत्ता सांगता येतो असे दुकान. भंडारा जिल्ह्यातील पवनीसारख्या तालुक्याच्या गावी रांधणारे कसबी हात पुष्कळ आहेत, परंतु त्यांची नावे पाटीवर येत नाहीत आणि त्यांच्या आवडीच्या जागांना बहुधा पत्ता नसतो. म्हणूनच हा प्रश्न पवनीला विचारून पाहण्यासारखा आहे.

‘शेफ’ हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थ नुसता ‘प्रमुख’ एवढाच होतो, म्हणजे त्या शब्दात रांधण्यापेक्षा हाताखालच्या माणसांवरची हुकमत अधिक आहे. मराठीतला ‘आचारी’ आचाराकडे, शुचितेच्या नियमांकडे बोट दाखवतो. पवनीत या दोन्ही अर्थांत न बसणारी माणसेच अधिक रांधतात. लग्नसराईत पाचशे-हजार पानांचा स्वयंपाक अंगावर घेणारे आणि उरलेले महिने शेती किंवा मजुरी करणारे आचारी, मटक्यावरच्या लांब रोट्या करणाऱ्या बाया, हलबा-कोष्टी घरांतून सावजी पद्धतीचे मटण शिजवणाऱ्या गृहिणी, पहाटे पोह्यांचा गंज चढवणारे टपरीवाले, या सर्वांचा त्यात समावेश होतो. मंदिरांच्या संख्येमुळे पवनीला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. येथील पंचानन गणेश विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जातो, आणि जवळच रुयाड येथे महासमाधीभूमीचा बौद्ध महास्तूप आहे. अशा गावात पंगती आणि महाप्रसाद यांना तोटा नसतो, त्यामुळे मोठ्या प्रमाणावर रांधण्याचे शिक्षण कोणत्याही संस्थेविना पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते.

या स्वयंपाक्यांच्या खरेदीकडे थोडे लक्षपूर्वक पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. सामान्य गिऱ्हाईक दुकानापाशी थांबते. आचारी शक्य असेल तेथे दुकानाच्या एक पायरी मागे जातो. मिरची तो पुडीतून न घेता ती जेथे पसरलेली असते तेथून घेतो, तांदळाचे पोते पाहण्याआधी गिरणीत धान कसे भरडले जात आहे ते पाहतो, आणि मासोळी बाजारात येण्याची वाट न पाहता घाटावर जातो. त्याला आवडणारे ठिकाण म्हणजे बहुतेक वेळा मालावर अजून कोणाचा हात फिरलेला नाही ती जागा होय. यात पैशाची बचत असते हे खरे, पण हजार पानांच्या स्वयंपाकात एक पोते मिरची फिकी निघाली तर ती बदलायला वेळ मिळत नाही, हे कारण बचतीपेक्षा जड आहे.

मिरचीचेच उदाहरण सविस्तर घेण्यासारखे आहे. पवनीचा शेजार भिवापूरचा आहे. भिवापूर नागपूर जिल्ह्यात मोडत असले तरी मिरचीला जिल्ह्याची सीमा ठाऊक नाही, आणि भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी बांधलेल्या उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळालेले आहे. या पट्ट्यात ‘सातरा’ नावाची एक जागा असते. सातरा म्हणजे लाल मिरचीचे ढीग उघड्यावर पसरून तिचे देठ खुडण्याचे आणि प्रतवारी करण्याचे आवार. हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत शेकडो स्त्रिया तेथे पदराने नाक-तोंड बांधून बसतात. एका हाताने मिरची उचलायची, अंगठ्याच्या नखाने देठ मोडायचा, आणि मिरची पुढच्या ढिगात टाकायची, ही हालचाल इतकी जलद होते की पाहणाऱ्याला देठ मोडलेला दिसत नाही, फक्त त्याचा बारीक कटकट आवाज ऐकू येतो. मजुरी वजनावर मिळते, त्यामुळे हात थांबवणे परवडत नाही. बोटांची आग संध्याकाळी घरी गेल्यावर सुरू होते आणि कणीक मळताना वाढते.

आचारी सातऱ्यावर जातो तो ढिगाच्या पोटात हात घालण्यासाठी. वरची मिरची उन्हाने उडालेली असते, खालची ओल धरते, आणि मधली काय आहे ते हातालाच कळते. मूठभर मिरची उचलून तो ती कानाजवळ हलवतो; बियांचा कोरडा खुळखुळाट आला तर माल वाळलेला आहे. मग एक मिरची मधोमध मोडून तो आतली शीर पाहतो. तिखटपणा बियांत असतो अशी सर्वसाधारण समजूत आहे, परंतु तिखटपणा देणारे द्रव्य मुख्यतः बिया ज्या फिकट शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात तयार होते, आणि रंग मात्र सालीत असतो. त्यामुळे रंगाने गडद मिरची तिखट असेलच असे नाही आणि तिखट मिरची रश्श्याला तवंग देईलच असे नाही. रंग उडालेल्या पांढुरक्या मिरचीला ‘फटकी’ म्हणतात. दळल्यावर फटकी ओळखू येत नाही, आणि आयत्या तिखटाच्या पुडीविषयी आचाऱ्याचा जो कायमचा संशय असतो त्याचे मूळ येथे आहे. अलीकडे या आवारांत तेजासारखी बाहेरच्या राज्यांतली वाणेही येतात, आणि मिश्रण करणे हे आचाऱ्याचे काम बनते : एक मिरची आगीसाठी, दुसरी रंगासाठी. हे प्रमाण तो कोणाला सांगत नाही. खुडणाऱ्या बायांपैकी एखादी, जिच्या हाताखालून त्या दिवशीचा सारा माल गेलेला असतो, त्याला डोळ्यांनीच कोणता ढीग घ्यावा ते सुचवते, आणि तिचे मत व्यापाऱ्याच्या मतापेक्षा खरे ठरते. ज्या यादीत पवनीचे सर्वोत्तम मसाल्याचे दुकान म्हणून काही लिहायचे असेल तिच्यात खरे तर या बाईचे नाव यावे.

तांदळाच्या बाबतीत हा प्रवास थोडा सोपा आहे, कारण पवनी धानाच्या मुलुखात वसलेली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. तेथे जेवणाचा कणा भात आहे, ज्वारीची भाकर पश्चिमेकडे वऱ्हाडात राहते. सणाच्या भातासाठी सुवासिक चिन्नोर, ज्याला आता भंडारा चिन्नोर म्हणून मानांकन मिळाले आहे, आणि पंगतीसाठी एचएमटी, अशी ढोबळ विभागणी दिसते. एचएमटी हे वाण नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या निवडून वाढवले, आणि त्या काळी मानाच्या समजल्या जाणाऱ्या घड्याळाचे नाव त्याला मिळाले. दादाजींचे २०१८ मध्ये निधन झाले. त्यांच्या वाणाचा भात किती पंगतींत वाढला गेला याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, आणि ज्या प्रमाणात तो वाढला गेला त्या प्रमाणात त्यांच्या पदरात काही पडले नाही, हेही येथेच नोंदवले पाहिजे. आचाऱ्याची अट मात्र व्यावहारिक असते : तांदूळ नवा नको. नव्या तांदळाचा भात चिकट होतो आणि मोठ्या गंजात त्याचा गोळा बनतो, म्हणून एक पावसाळा पाहिलेला जुना तांदूळ तो मागतो आणि त्यासाठी ओळखीच्या गिरणीवाल्याकडे आधीपासून शब्द टाकून ठेवतो.

धानाच्या बांधीतच पवनीच्या स्वयंपाकातील आणखी दोन पदार्थ दडलेले आहेत. बांधी म्हणजे पाणी अडवण्यासाठी चारी बाजूंनी पार घातलेला शेताचा तुकडा. कार्तिकाच्या आसपास, धान उभे असतानाच आणि जमिनीत ओल असतानाच, त्यात लाखोरी, जवस, हरभरा यांचे बी फेकतात. नांगरट नाही, पाणी नाही, धान कापले की खाली हे पीक उगवलेले दिसते. या पद्धतीला उतेरा म्हणतात. प्रमाण मराठीत जी लाखोळी ती येथे लाखोरी होते, कारण झाडीबोलीला ‘ळ’ रुचत नाही आणि त्या जागी ती ‘र’ घालते. लाखोरीच्या डाळीचे वरण, तिच्या भरडलेल्या पिठाचे वडे आणि कोवळ्या पाल्याची भाजी या तिन्ही गोष्टी गरिबाच्या ताटातल्या समजल्या गेल्या, आणि त्यांच्या वाट्याला एक विचित्र इतिहास आला. लाखोरीत असणाऱ्या एका विषारी घटकामुळे, दीर्घकाळ केवळ तीच खाल्ली गेल्यास, पायांना पांगळेपणा येतो. आयुर्वेदात या विकाराला कलायखंज हे नाव आहे. दुष्काळात दुसरे काही मिळत नसे तेव्हा हा विकार दिसून येई, आणि या कारणास्तव १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. बंदीने लाखोरी नाहीशी झाली नाही. ती शेतात उगवत राहिली, घरात शिजत राहिली, आणि बाजारात दुसऱ्या डाळीच्या नावाने, बेसनात मिसळून, फिरत राहिली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. दरम्यान रतन, प्रतीक यांसारखी विषारी घटक अत्यल्प असणारी वाणेही विकसित झाली.

या इतिहासाचा आचाऱ्यावर झालेला परिणाम विलक्षण आहे. जी डाळ घरी तो आवडीने खातो तीच बेसनात आढळली तर तो दुकानदाराशी भांडतो. पाटोडी, म्हणजे बेसनाचे घट्ट पिठले ताटात थापून पाडलेल्या आणि तर्रीदार रश्श्यात सोडलेल्या वड्या, हा पंगतीतला प्रतिष्ठेचा पदार्थ आहे. लाखोरी मिसळलेल्या बेसनाच्या वड्या रश्श्यात धड उभ्या राहत नाहीत, अशी त्याची तक्रार असते. म्हणून तो हरभऱ्याची डाळ स्वतः आणून चक्कीवर पुढ्यात उभे राहून दळून घेतो. हा लाखोरीवरचा राग नाही, नाव लपवण्यावरचा आहे. लाखोरी हवी असेल तेव्हा तो ती लाखोरी म्हणूनच, बांधी असणाऱ्या नातेवाइकाकडून, पायलीच्या मापाने आणतो. पहिल्या पाण्यात उकळून ते पाणी फेकतो, कारण विष पाण्यात उतरते ही माहिती प्रयोगशाळेच्या आधीपासून स्वयंपाकघरांना होती.

उतेऱ्यातला दुसरा पदार्थ जवस. सावजी रश्श्याला जी किंचित कडवट, जड चव असते ती पुष्कळ अंशी जवसाच्या तेलाची. हे तेल हवेशी लवकर संयोग पावते, त्यामुळेच ते रंग आणि रोगण बनवण्यास उपयोगी पडते आणि त्यामुळेच खाण्यासाठी ते फार दिवस ठेवता येत नाही. ताजे काढलेले तेल आणि महिनाभर राहिलेले तेल यांच्यातला फरक नाकालाच कळतो. घाणीवर आपले जवस देऊन आपल्यासमोर तेल काढून घेण्याची रीत म्हणूनच टिकून राहिली. आज शेंगदाण्याचे, म्हणजे इकडच्या बोलीत फल्लीचे, आणि सोयाबीनचे तेल सर्वत्र झाले आहे, आणि तरुण आचारी जवसाच्या वाटेला जात नाहीत. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण उतेराच कमी होत चालला आहे : कापणी यंत्राच्या चाकांखाली कोवळे रोप टिकत नाही, आणि जेथे कालव्याचे पाणी पोचले तेथे शेतकरी लाखोरी-जवसाऐवजी उन्हाळी धान घेतो. स्वयंपाकघरातली एक चव गेली याचे कारण शोधत गेले तर ते असे शेताच्या पाराशी जाऊन थांबते.

आठवडी बाजाराबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही, कारण तो इतर गावांसारखाच आहे. लक्ष वेधून घेते ती तेथील भाषा. सांबार म्हणजे कोथिंबीर, भेदरे म्हणजे टोमॅटो, बरबटी म्हणजे चवळी, काटवल म्हणजे कर्टोली. पुण्याहून आलेल्या पाहुण्याने सांबाराची वडी मागवून दाक्षिणात्य पदार्थाची वाट पाहावी, असा घोटाळा या शब्दांमुळे होऊ शकतो. पावसाळ्यात जंगलाकडच्या गावांतून वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि सात्या, म्हणजे वारुळांजवळ उगवणाऱ्या रानअळंब्या, टोपल्यांतून येतात. त्या आणणाऱ्या बाया दुकान मांडत नाहीत, कोपऱ्यात पोते अंथरतात, आणि सकाळचे नऊ वाजेपर्यंत त्यांचा माल संपून जातो. ‘किती देऊ जी?’ एवढाच व्यवहार होतो. या ‘जी’मध्ये विनय आणि बरोबरी दोन्ही असतात, त्यामुळे भाव करणाऱ्यालाही आवाज चढवता येत नाही. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या दाण्यांचा, म्हणजे सोल्यांचा, हंगाम येतो आणि मग काही आठवडे बाकी सर्व भाज्या दुय्यम ठरतात.

मासोळीसाठी पवनीला वैनगंगा नदी आहे आणि तलाव आहेत. पूर्व विदर्भातील जुने तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारावसुलीचा हक्क असणाऱ्या जमीनदारांच्या, अमलाखाली होते. मालगुजारी गेल्यावर त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणू लागले आणि बोलण्यात त्याचा ‘मामा तलाव’ झाला. मरळ, मागूर, वाम आणि झिंगे हे तलावातले आणि नदीतले, तर रोहू आणि कटला हे बीज सोडून वाढवलेले. ढिवर समाजातील मासेमार पहाटे जाळी काढतात तेव्हा घाटावर उभा असलेला माणूस बहुधा खानावळीचा असतो. वाम निसरडी असते, म्हणून ती राखेत घोळवून धरतात. कल्ला उघडून आतला लाल रंग पाहतात. आणि मग सौदा होतो. मात्र नदी पूर्वीची राहिलेली नाही. पवनी तालुक्यातच, गावाच्या वरच्या अंगाला, गोसेखुर्दचे धरण आहे, ज्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली आणि ज्याला ३३ दरवाजे आहेत. आता नदी ऋतूप्रमाणे नव्हे, दरवाज्यांप्रमाणे चढते-उतरते. शिवाय नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते. जाणकार स्वयंपाकी यामुळे नदीच्या मासोळीपेक्षा एखाद्या ठरावीक तलावाच्या मासोळीला पसंती देतो, आणि कोणत्या तलावाची ते विचारल्यावर विषय बदलतो.

भांडी पूर्वी पितळी असत, आणि पितळेच्या भांड्यांसाठी भंडारा शहर प्रसिद्धच होते. आता पंगतीचे गंज आणि कढया बहुतेक ॲल्युमिनियमच्या झाल्या आहेत, फक्त खीर आणि वरणासाठी एखादा कल्हई केलेला पितळी गंज आचारी घरून आणतो.

खरेदीबद्दल इतके सांगता आले तरी आचारी स्वतः कोठे खातो हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर मिळवणे अवघड आहे. सकाळी तर्री घातलेले पोहे किंवा आलूबोंडा तो इतर कोणाही प्रमाणे टपरीवर खातो. टपरी निवडताना तो चवीपेक्षा कढईतल्या तेलाचा रंग पाहतो. जेवणाच्या बाबतीत मात्र तो एकाच पदार्थाच्या मागे जातो : मटण अमुक घरचे, झिंगे तमुक बाईच्या हातचे. सावजी हे मुळात हलबा-कोष्टी या विणकर समाजातले आदरार्थी संबोधन आहे, आणि पवनी ही रेशीमकाठी कापडासाठी एकेकाळी नावाजलेली विणकरांची वस्ती असल्यामुळे येथे सावजी चव हॉटेलातून शिकलेली नाही, घरातून आलेली आहे. नागपुरात ‘सावजी’ ही पाटी गल्लोगल्ली दिसते आणि तिखटपणाची स्पर्धा लागल्यासारखे रस्से मिळतात. घरच्या सावजी रश्श्यात मिरची जिभेवर चढते खरी, पण तिच्या मागोमाग धने, खसखस, भाजलेले खोबरे आणि दगडफूल एकेक करून ओळख देतात. मसाला पाट्यावर वाटला की यंत्रात, हा फरक आचारी पहिल्या घासात सांगतो.

या सर्वांत पाहण्यासारखे कसब लांब रोटीचे आहे. गव्हाचे पीठ वस्त्रगाळ करून, मीठ-पाणी घालून, ते इतके तिंबतात आणि आपटतात की कणीक गोळा राहत नाही, हातातून खाली ओघळू लागते. गव्हातील प्रथिनांचे धागे पाण्याने आणि मळण्याने एकमेकांत गुंततात, त्यामुळे ती ओघळते पण तुटत नाही. लाकडाच्या जाळावर मातीचे मडके पालथे ठेवलेले असते. रोटी करणारी बाई कणकेचा ओघळ दोन्ही तळव्यांवर, मग मनगटांवर, मग कोपरापर्यंत झुलवत पातळ करते, त्यातून पलीकडचा जाळ दिसू लागला की हात किंचित पुढे नेऊन ती मडक्याच्या पाठीवर सोडते. क्षणभरात तिला फोड येतात, त्यावर तपकिरी ठिपके उमटतात, आणि दुसरी बाई ती उचलून लुगड्यासारखी घडी घालते. विणकरांच्या गावात ही उपमा कोणाला सुचवावी लागत नाही. हे काम शिकवून येत नाही असे या बाया म्हणतात, परंतु प्रत्येक चुलीशेजारी एक मुलगी कणकेचे तुकडे हातावर झुलवत बसलेली असते. चांगल्या रोट्या करणाऱ्या बायांची तारीख मिळाली की मगच काही घरांत लग्नाची तारीख पक्की होते, असे गमतीने बोलले जाते, आणि त्यात गंमत किती आणि खरेपणा किती हे सांगणे कठीण आहे.

मराठीतील पाकशास्त्राच्या छापील परंपरेत या माणसांना जागा मिळालेली नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० मध्ये, आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये. ही पुस्तके मोलाची आहेत, परंतु त्यांतले स्वयंपाकघर मुख्यतः पश्चिमेकडचे आहे, आणि झाडीपट्टीतली गृहिणी ती उघडते तेव्हा तिला स्वतःचा स्वयंपाक त्यांत सापडत नाही. नागपूरचे विष्णू मनोहर यांनी अलीकडे वैदर्भी पदार्थांना दूरचित्रवाणीवर आणि पुस्तकांत आणले, त्यामुळे पाटोडी आणि सांबारवडी ही नावे मुंबईपर्यंत पोचली. तरीही वऱ्हाड आणि झाडीपट्टी यांच्यातला भेद त्या एका ‘वैदर्भी’ शब्दाखाली झाकला जातो. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली उत्खनन केले आणि मातीखालचा स्तूप उजेडात आणला. गावाचा मातीचा परकोट आणि खंदक आजही ओळखता येतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पवनीची दखल घेणारे ग्रंथ आहेत. आजच्या पवनीची चूल मात्र अजून कोणी टिपून ठेवलेली नाही.

पंगत उठल्यावर, वाढपी जेवून गेल्यावर, आचारी जेवायला बसतो. त्याचे ठिकाण ठरलेले असते : मांडवामागची जागा, जेथे चुलीतले निखारे अजून धुमसत असतात आणि धुतलेले गंज पालथे घातलेले असतात. आलू-वांग्याची भाजी, बुंदी, पाटोडी यांपैकी तो बहुधा काही घेत नाही. दिवसभर वासानेच पोट भरलेले असते. गंजाच्या तळाला लागलेली भाताची खरपूस खरवड, त्यावर वरण, कच्चा कांदा आणि लिंबाची फोड, एवढे त्याला पुरते, आणि घरून डब्यात कोणी लाखोरीचे वडे आणले असतील तर ते सगळ्यांत आधी संपतात. रोट्यांच्या बाया आपल्यासाठी राखून ठेवलेल्या दोन-चार रोट्या घेऊन त्याच्याच शेजारी टेकतात. एवढ्यात बिछायत केंद्राचा, म्हणजे भांडी आणि सतरंज्या भाड्याने देणाऱ्याचा, माणूस वही घेऊन येतो आणि मोजणी सुरू होते : गंज नऊ, कढया चार, झारे तीन, सराटे सहा हवे होते ते पाच भरतात. सराटा म्हणजे उलथने. आचारी घास तोंडात ठेवूनच राखेच्या ढिगाकडे मान हलवतो, आणि पोरगा जाऊन तो तेथून काढून आणतो.